साडेअकराचं आमेन

प्रिय रत्नमाला,

प्रभूमध्ये सलाम.

आधी तिकडची खुशाली कळव. तुझ्या आईच्या डोळ्यांवरचा पडदा गेला का? इथे असताना बिचारी हातानं चाचपडत चुलीपर्यंत यायची. माझ्या बाबांचा दमा कसा आहे? तिथे बिडी मिळत नसेल, म्हणजे बराच असणार. आपली शांती केवढी झाली गं? तिकडे लेकरं वाढतात, की गेली तेवढीच राहतात? वाढत असेल तर तुझ्या खांद्याला लागली असेल. वाढत नसेल तर तुझ्या कडेवर असेल. दोन्हीपैकी काय ते एकदा नीट कळव. मोत्या भेटला का? पाळकसाहेब म्हणायचे, कुत्र्याला आत्मा नसतो. तू त्यांच्यासमोर मान हलवायचीस आणि घरी येऊन आधी मोत्याला वाढायचीस.

आणि तुझी कंबर?

इकडे मी बरा आहे. म्हणजे लोक विचारतात तेव्हा तसं सांगतो. खरं सांगू का? मांडी घालून फार वेळ बसलं की पाय झोपतो बघ, चिमटा काढला तरी कळत नाही, तसा मी सगळाच झोपल्यासारखा आहे. नाताळ झाला आणि तू गेलीस. आता आंब्याला कैऱ्या लागल्या, तरी मला रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, वडील, मोकळं व्हा, रडून घ्या. मंडळीचा वडील म्हणून, पाळकसाहेब नसतात तेव्हा प्रवचन करणारा म्हणून, मी आजवर दुसऱ्यांना हेच सांगत आलो. किती सोपं वाटायचं सांगताना! आपल्या पंक्चरच्या दुकानात एखादी ट्यूब येते. रोज सकाळी गिऱ्हाईक सांगतं, हवा जाते. पाण्याच्या घमेल्यात बुडवावी, गोल फिरवावी, बुडबुडा काही दिसत नाही. हवा मात्र जातच असते. तसं झालंय.

आज लिहायचं कारण सांगतो. काल रविवारी आपला भंते सोखा शेवटचा येऊन गेला. त्याचं शिक्षण संपलं. या आठवड्यात तो त्याच्या देशी, कंबोडियाला चालला. हे तुला कळवणारं दुसरं कोण आहे? आणि ‘येऊ नका’ असं मी त्या पोरांना फोनवर सांगितलं होतं, तेही तुला माझ्याच तोंडून कळलेलं बरं. नाहीतर शेजारची कांताबाई कधी ना कधी तिकडे येईल आणि तिखटमीठ लावून सांगेल.

गुरुवारी सोखाच्या जोडीदाराचा, यासिरचा फोन आला. तुला माहीत आहेच तो कसा बोलतो, अर्धं हिंदी, अर्धं तुझ्याकडून शिकलेलं.

“चाचा, इतवारको येऊन राहिलो आमी. भंते चालला ना देशाला.”

“नका येऊ बेटा,” मी म्हणालो. “घरी कोणी नाही.”

“तुमी है ना?”

“मी म्हणजे कोणी नाही रे. चूल बंद आहे.”

मग म्हणाला, “ठीक है चाचा. तकलीफ नको तुमाला.” आणि फोन ठेवला.

तू असतीस तर तो फोन माझ्या हातातून ओढून घेतला असतास. पण तू गेल्यापासून स्वयंपाकघराला मी कडी लावली आहे. दोन वेळचा डबा कांताबाईकडून येतो. ती पोरं आली तर त्यांना बसवू कुठे, वाढू काय? मंडळीत लोक म्हणायचे, परदेशी विद्यार्थ्यांमधली सेवा याकोब वडील करतात. खोटं आहे ते! मी बोलायचो. वाढायचीस तू. तू गेलीस म्हणजे सेवा संपली, असं मी मनाशी धरून बसलो होतो. सोखा तुझ्या ओट्यावर शेवटचं न जेवता जाईल, हे मला कळत होतं. पण कळून वाईट वाटायला पाहिजे ना? तेच वाटत नव्हतं.

तुला आठवतं का गं, सुरुवात कशी झाली? नांदेडला मंडळ्यांच्या सभेत शहरातून आलेल्या एका भावानं सांगितलं की परदेशातून शिकायला येणारी पोरं वर्षानुवर्षं इथे राहतात आणि एकाही घराचा उंबरा न बघता परत जातात. त्यांच्याशी मैत्री करा, जेवायला बोलवा. तू परत येताना एसटीत हसत होतीस. “वारंगा फाट्यावर कोण येतंय परदेशातून? ट्रकवाले?”

आणि पावसाळा संपता संपता आलेच की! एका मोटारसायकलवर दोघं, मागचं चाक बसलेलं. पुढे येमेनचा यासिर, दाढी आणि काळा चष्मा. मागे भगव्या चिवरातला, डोकं भादरलेला सोखा, खांद्याला झोळी. नांदेडच्या कॉलेजातून हिंगोलीकडे निघाले होते. फाट्यावरची चहाची टपरी उठून बघायला आली. मी ट्यूब पाण्यात फिरवत फिरवत, डिक्शनरीतून पाठ केलेलं माझं इंग्रजी बाहेर काढलं. यासिर बुडबुड्याकडे बोट दाखवून लहान पोरासारखा ओरडला. ठिगळ वाळेपर्यंत मी त्यांना रविवारचं जेवण सांगून टाकलं होतं.

घरी आल्यावर तू मला काय म्हणालीस? “पंक्चर काढायला बसवलंय तुमाला, का पावणे जमवायला?” पण रविवारी पहाटेपासून उठली होतीस. यासिर मुसलमान, म्हणून कोंबडी फाट्यावरच्या रहीमभाईकडूनच बराबर कापून आणायला लावलीस. एकाची एवढी काळजी केलीस, पण दुसऱ्याचं आपल्याला काही ठाऊकच नव्हतं.

आणि त्या दिवशी मी देवळात प्रवचनाला उभा राहिलो आणि बोलतच सुटलो! परदेशी पाहुणे बसलेले बघून मला चेव आला. उपासना सुटली तेव्हा पाऊण वाजला होता.

तू ताट वाढलंस. यासिर मान खाली घालून जेवायला लागला. सोखानं ताटाला हात लावला नाही. हात जोडून नुसता हसत बसला. “नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम.” तू भात वाढायला गेलीस, हसला. रस्सा पुढे केलास, हसला. पाण्याचा पेला मात्र घेतला, तेही मी हातात दिला तेव्हा.

तू आत गेलीस. मी मागे आलो तर तू चुलीकडे तोंड करून उभी होतीस. “साता समुद्रापलीकडून आलं हे लेकरू,” तू हळू म्हणालीस. “त्याला बी कुणी सांगितलं का, आपण कोण ते?”

तुझ्या गावच्या शाळेत तुला पाणी वरून ओंजळीत ओतायचे, हे मला ठाऊक होतं. आपल्या लग्नानंतरही तू कुणाच्या घरी पाणी मागितलं नाहीस, तहान लागली तरी. देऊळ बदललं, नावं बदलली, पण कुणी ताट पुढे ढकललं की तुझा चेहरा तसाच व्हायचा.

तेवढ्यात कांताबाई आली, विहारात जाणारी ती, भंते आले म्हणून पाया पडायला. भरलेलं ताट बघितलं, तुझं तोंड बघितलं आणि कपाळाला हात लावला. “अगं बये! त्यो भिक्खू हाय! बारा वाजून गेले की दुसऱ्या दिसापर्यंत दाणा तोंडात घालत न्हाईत ते. नियम हाय त्यांचा.” मग माझ्याकडे वळली. “तुमाला एवढं बी ठावं न्हाई? त्या पोराचे बारा तुमच्या भाषणानं वाजवले, वडील!”

तू हसलीस की रडलीस, मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही एकदमच चाललं होतं. यासिर घाबरून उभा राहिला. त्याला वाटलं, रस्सा संपवला म्हणून हे चाललंय. सोखा उपाशीच नांदेडला गेला आणि जाताना वाकून नमस्कार करून गेला.

त्यानंतर तू माझ्या प्रवचनाचा कारभार हातात घेतलास. पोरं यायची त्या रविवारी पुढच्या बाकावरून बरोबर साडेअकराला उठायचीस, पदर कमरेला खोचायचीस आणि दाराकडे चालू लागायचीस. तू पदर खोचलास की मी आमेन म्हणायचं. वाक्य अर्धं असलं तरी! पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, त्यांनाही तू सोडलं नाहीस.

सोखाच्या आणखी एका गोष्टीनं तुला सुरुवातीला लागलं होतं. भिक्खूंना आपल्या हातानं अन्न उचलून घेता येत नाही, कुणीतरी द्यावं लागतं. आणि बाईच्या हातून थेट घ्यायचं नाही, म्हणून तू ताट आणलंस की तो पुढ्यात एक पिवळं फडकं पसरायचा, तू त्याच्यावर ताट ठेवायचीस. पहिल्या वेळी तुझा हात थांबला. सोखानं ते बघितलं. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, “माझी आई पण. असंच. फडकं.” मग म्हणालीस, “म्हंजे मला आईच्या रांगेत बसवलंस की रे.” त्यानंतर ते फडकं तू धुऊन, उन्हात वाळवून, घडी करून द्यायचीस.

तुमचे वाद पण काय कमी होते का! तू त्याला विचारायचीस, “तू देव मानत न्हाईस, मग जेवणाआधी कुणाचे उपकार मानतोस?” तो म्हणायचा, “वाढलं तिचे.” “अन् मला कुणी दिलं वाढायला?” तो हसायचा. “ते तुमी बघा.” तुला मावशी मानणारा यासिर मध्ये पडायचा, “खाला, हे दोन्ही झगडे ठेवा, ठेचा द्या.” त्याच्या देशात लढाई, घरचे फोन महिना महिना लागायचे नाहीत, फोन न लागलेल्या दिवशी तो जास्त ठेचा खायचा. तू ते ओळखायचीस आणि काही न विचारता वाढायचीस.

पाळकसाहेबांनी तुला एकदा सरळ विचारलं होतं. “बाई, इतके दिवस करताय. यांच्यातलं कोणी प्रभूकडे आलं का?” मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, “साहेब, ते माझ्याकडं आले. पुढं त्याला पाठवून दिलंय त्यांचं नाव. तो बगंल.” साहेबांनी आणखी एक पोळी मागून घेतली.

पण माझा तुझ्यावर थोडा राग आहे. येशूपाशी त्या पोरांसाठी तू काय मागत होतीस, ते मला कधी सांगितलं नाहीस. त्यांनी येशूला ओळखावं असं मला वाटायचं, अजून वाटतं. तुलाही वाटत असणार. पण तू डोळे मिटून ओठ हलवायचीस, मला नुसती नावं ऐकू यायची. यासिर. सोखा. बाकी सगळं तिकडे घेऊन गेलीस.

आता कालचं ऐक.

तू गेल्यापासून माझी प्रवचनं लांबतात. एक वाजतो, सव्वा वाजतो. लेकरं भुकेनं रडतात, म्हाताऱ्या पाय चोळतात, पण कोणी उठत नाही. माझी दया येते सगळ्यांना. काल उपासना सुरू झाली आणि मागच्या बाकावर भगवं दिसलं. शेजारी यासिर. मी नको म्हणालो तरी आले होते. नंतर कळलं, जेवायला नाही, तुझ्या कबरीवर जाऊन परत फिरायचं असं ठरवून आले होते.

मी बोलत होतो. कशावर, ते आठवत नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झालेले मी बघितले. पुढच्या बाकावरची तुझी जागा रिकामी होती. तिथे कोणी बसत नाही. सोखा मान खाली घालून शांत बसला होता. मला माहीत होतं, तो एक शब्द बोलणार नाही. पहिल्या दिवसासारखाच हसेल, वाकून नमस्कार करेल आणि उपाशी निघून जाईल, कायमचा. सगळं कळत होतं, रत्ना, पण तोंड थांबत नव्हतं.

तेवढ्यात दारात कांताबाई! ती कधी आपल्या देवळाची पायरी चढत नाही, तुला ठाऊक आहे. पायरीखालीच उभी होती, पदर कमरेला खोचलेला, हातात पळी.

“ओ वडील!” तिचा आवाज. “तिचं ऐकत होते ना? आता माझं ऐका. आमेन म्हना!”

आधी कोणीतरी फिसकन हसलं. मग अख्खी मंडळी हसली. तू गेल्यापासून त्या देवळात कोणी हसलं नव्हतं. माझं वाक्य होतं तिथेच सोडून मी आमेन म्हणालो.

बाहेर आलो तर तिच्या कमरेवर पातेलं. “भंतेला येताना बघितलं, तवाच रांधलंय मी. पन वाढायचं तिच्याच ओट्यावर. काढा कडी.”

“कांताबाई, मला नाही जमायचं.”

“काहून न्हाई जमायचं? कडीच काढायची हाय, ट्रकचं चाक न्हाई काढायचं!”

कडी काढली. आत टोपलीतल्या कांद्यांना हातभर कोंब आले होते. तुझा पाट भिंतीला टेकलेला, तू ठेवलास तसाच. सोखा नेहमीच्या जागी बसला. कांताबाईनं ताट वाढलं, भात, वरण, वांग्याची भाजी. मी म्हणालो, “दे त्याला.”

“मी देते की आमच्या विहारात,” ती म्हणाली. “हे तुमचं घर हाय.” आणि ताट माझ्या हातात ठेवून बाजूला झाली.

पावणेबारा झाले होते. मी ताट घेऊन उभा. मी पुरुष माणूस, माझ्या हातून त्याला थेट घेता येतं. आजवर कितीदा पाण्याचा पेला त्यानं माझ्या हातून घेतलाय. पण काल सोखानं झोळीत हात घातला, ते पिवळं फडकं काढलं आणि माझ्यासमोर जमिनीवर पसरलं. दोन्ही हातांनी त्याच्या सुरकुत्या काढल्या. तुझी घडी अजून त्यात दिसत होती.

मी वाकलो आणि ताट त्यावर ठेवलं.

तुझ्यासारखी प्रार्थना करायला गेलो, तर शब्द सापडेना. डोळे मिटून नुसता उभा राहिलो. शेवटी यासिर हळूच म्हणाला, “चाचा, आज आमेनच म्हना. भंतेचं घड्याळ चाललंय.” कांताबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मी आमेन म्हणालो आणि तिथेच तुझ्या पाटावर बसलो. खूप रडलो, असं तुला खोटं लिहिणार नाही. पण ती ट्यूब सांगितली ना? पाण्यात फिरवता फिरवता काल एक बुडबुडा दिसला. एकच. बारीक. पण कुठून हवा जातेय, ते कळलं.

जेवण झाल्यावर आम्ही चौघं तुझ्या कबरीवर गेलो. ऊन रणरणत होतं. यासिरनं हात पसरून त्याचं काहीतरी म्हटलं. सोखानं हात जोडले. मग म्हणाला, “चाचा, आई विचारायची मला. सोखा, मी येशूला तुझं नाव सांगते, राग न्हाई ना? मी म्हणायचो, न्हाई. मी मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण आवडायचं मला.” मग माझ्याकडे वळला. “आता कोण सांगेल?”

“मी सांगेन,” मी म्हणालो. माझ्याच तोंडून निघालं, मला नंतर कळलं.

त्यानं वाकून तुला नमस्कार केला, मला केला. मोटारसायकल फाट्यावरून नांदेडकडे वळेपर्यंत भगवं दिसत होतं.

रत्ना, यासिर म्हणाला की त्यांच्या वसतिगृहात पोरं नवीन आली आहेत, दोन आफ्रिकेची, एक नेपाळचं. विचारत होता, आणू का. मी आण म्हणालो आहे. स्वयंपाकघराची कडी आता लावणार नाही. भाकरी मला येत नाही, वेड्यावाकड्या होतील, कांताबाई हसेल, हसू दे. रविवारी साडेअकराला मी स्वतःच आमेन म्हणेन, कोणी पदर खोचायची वाट बघणार नाही. ताट माझ्या हातानं देईन. आणि सोखाचं नाव रोज घेईन, तुझ्यासारखंच, ओठ हलवून. पुढे काय मागायचं ते मात्र तू सांगायला पाहिजेस.

म्हणून दोन ओळी लवकर टाक. शांतीचं काय ते आधी लिही. तुझ्या कंबरेचं लिही. आणि या पोरांसाठी तू काय मागत होतीस तेही लिही, म्हणजे मला तिथूनच पुढे सुरू करता येईल. वाट बघतो आहे.

तुझा,
याकोब